उचल आणि बाकी : सोनपेठ परिसरातील ऊसतोडीचे करार

ऊसतोडीचा करार ऊस तुटण्याच्या चार-पाच महिने आधी होतो. कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. पण कोणती टोळी कोणत्या कारखान्याला जाणार, कोणत्या मुकादमाच्या हाताखाली आणि किती उचलीवर (आगाऊ रकमेवर), हे बहुतेक ज्येष्ठ-आषाढातच ठरू लागते. परभणी जिल्ह्यातला सोनपेठ तालुका या व्यवहाराच्या ऐन पट्ट्यात येतो. एका अंगाला गोदावरी, दुसऱ्या अंगाला बीड जिल्ह्यातला परळी तालुका. गोदाकाठच्या गावांत ऊस उभा असतो, खडक्याच्या बंधाऱ्यातले पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते, सायखेड्याला साखर कारखाना आहे. नदीपासून दूर, कोरडवाहू रानातल्या वाड्यांतून आणि तांड्यांवरून मात्र कोयते बाहेर पडतात आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा सीमा ओलांडून कर्नाटकात जातात. ऊस पिकवणारा, गाळणारा आणि तोडायला परमुलखात जाणारा अशी तिन्ही माणसे एकाच तालुक्यात राहतात.

या बाजारात माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुधा नवरा-बायको. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. नवरा तोडतो, बायको साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. कित्येक फडांत दोघेही तोडतात. उचल मात्र नवऱ्याच्या हातात पडते आणि वहीत नाव त्याचेच चढते. ज्या श्रमावर निम्मा करार उभा आहे, त्या श्रमाची सही करारावर नसते. या सगळ्या व्यवहारातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

कारखाना आणि कोयता यांच्यामध्ये दोन-तीन पायऱ्या असतात. ऊस शेतकऱ्याचा असतो, पण तोडणी आणि वाहतूक कारखाना करून घेतो आणि तो खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून (उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून) वजा करतो. कारखान्याचा शेतकी विभाग, किंवा त्यासाठी काढलेली वेगळी तोडणी-वाहतूक संस्था, ट्रॅक्टर-ट्रकच्या मालकाशी करार करते. हा वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम कोयत्यांना उचल वाटतो. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या टोळ्यांना पायऱ्या कमी असतात. तिथे मुकादम बऱ्याचदा थेट कारखान्याशीच बोलतो. पैसा वरून खाली याच वाटेने उतरतो आणि बुडाला तर खालून वर याच वाटेने बुडतो. म्हणून प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीवरच्या माणसाला बांधून ठेवू पाहतो.

मुकादम हा या साखळीतला सांधा. तो बहुधा त्याच गावचा, त्याच भावकीतला किंवा त्याच तांड्यावरचा असतो. पुष्कळदा पूर्वी स्वतः कोयता चालवलेला. तो टोळी जमवतो, उचलीला जामीन राहतो, फडावर कामाची वाटणी करतो, आजारपणात पैसे पुढे करतो आणि शेवटी हिशेबही तोच करतो. कारखान्याकडून त्याला तोडणीच्या बिलावर कमिशन मिळते. मजुराच्या बाजूने बोलणारा आणि मजुरावर लक्ष ठेवणारा माणूस एकच असतो. त्याच्या डोक्यावरची जोखीमही खरी आहे. दहा कोयत्यांची टोळी आणि कोयत्याला लाखाची उचल धरली, तर दहा लाख रुपये त्याच्या शब्दावर वाटलेले असतात. ऐन वेळी दोन कोयते दुसऱ्याच गाडीत बसून निघून गेले, तर वाहतूकदार त्याच्याच दारात येऊन उभा राहतो.

बोलणी घराच्या ओट्यावर होतात, आठवडी बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात होतात, लग्नाच्या मांडवातही होतात. ‘कोयत्याला किती?’ हा पहिला प्रश्न, पण जाणता गडी तेवढ्यावर थांबत नाही. कारखाना कोणता? गेल्या साली किती दिवस चालला? डोकी सेंटर की गाडी सेंटर? डोकी सेंटरला मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहाव्या लागतात, फळीवर चढून त्या गाडीत रचाव्या लागतात. गाडी सेंटरला बैल स्वतःचे असले, तर वाहतुकीची कमाईही घरात येते, पण बैलांचा चारा आणि बैल दगावण्याची धास्तीही घरचीच. कोपी (राहायची झोपडी) कुठे पडणार, पाणी किती लांब, खर्ची (हंगामातला घरखर्च) दर आठवड्याला मिळणार की पंधरवड्याला, वाढ्यांचे (उसाच्या शेंड्यांचे) पैसे कुणाचे? ऊस आडवा पडलेला असेल, तर तेवढ्याच वेळात टन कमी भरतात. उचलीचा आकडा सगळ्यांना ऐकू जातो. या बाकीच्या गोष्टींवर हंगामाची खरी कमाई ठरते.

वेळ हे या बोलण्यातले मुख्य हत्यार आहे. मृगाच्या तोंडावर घरात बियाण्याला पैसे नसतात, शाळा सुरू होत असते, लेकीच्या लग्नाचे देणे डोक्यावर असते. त्या वेळी उचल घेणारा मिळेल त्या आकड्याला होकार देतो. उचलही एकरकमी मिळते असे नाही. थोडी पेरणीला, थोडी पोळ्याला, उरलेली निघताना, अशी ती तुकड्यांनी येते आणि पहिला तुकडा हातात पडला की माणूस बांधला जातो. दसऱ्याच्या सुमारास चित्र उलटते. ज्या मुकादमाची टोळी अजून भरलेली नाही त्याला कोयत्यांची घाई असते, आणि तोपर्यंत थांबलेल्या जोडीला जास्त आकडा मिळतो. थांबणे मात्र त्यालाच परवडते, ज्याच्या कणगीत दाणे आहेत.

पाऊसही बोलण्यात उतरतो. पाऊसकाळ चांगला झाला, कापूस-सोयाबीन हाताशी आले की बाहेर पडणारे कोयते कमी होतात आणि उचल चढते. दुष्काळात गावेच्या गावे निघायला तयार असतात. त्यातच दुष्काळाने पुढच्या साली ऊसही कमी होतो, हंगाम आखडतो आणि घेतलेली उचल फिटत नाही. मराठवाड्याने २०१२ नंतरच्या दुष्काळांत आणि विशेषतः लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या २०१६ च्या सुमारास हे दोन्ही फटके एकामागून एक सोसले.

कागद असतो, पण तो एकतर्फी असतो. वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात स्टॅम्पपेपरवर नोटरी होते, कोरे चेक घेतले जातात, आधार कार्डाच्या प्रती जोडल्या जातात. कोयत्यापर्यंत येता येता करार तोंडी होतो. मुकादमाच्या वहीत उचलीचा आकडा आणि अंगठा किंवा सही असते. टनाचा दर, खाड्याचा दंड, कामाचे दिवस यांतले काहीच लिहिलेले नसते. मजुराने काय द्यायचे ते लिहिलेले, त्याला काय मिळायचे ते न लिहिलेले, असा तो करार आहे.

टनाचा दर गावात ठरतच नाही. तो राज्यासाठी एकदम ठरतो, आणि त्याचे टेबल पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मांडले जाते. एका बाजूला राज्य सहकारी साखर कारखाना संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड मजूर, वाहतूकदार आणि मुकादमांच्या संघटना, आणि मध्ये लवाद. बबनराव ढाकणे यांच्यासारख्या नेत्यांनी हे मजूर संघटित करायला सुरुवात केली. पुढे गोपीनाथ मुंडे त्यांचा आवाज झाले. २०१४ मध्ये मुंडे यांच्या निधनानंतर शरद पवार आणि पंकजा मुंडे हे लवादातले प्रमुख चेहरे राहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये सरासरी १४ टक्के वाढ झाली. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली. टनाचा दर साधारण २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांच्या आसपास गेला आणि मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. हा करार तीन हंगामांसाठी होता.

संघटनेच्या हातातले हत्यार म्हणजे कोयता बंद. तोडणीला आलेला ऊस फडात वाळू लागला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, म्हणून हंगामाच्या तोंडावरचा संप कारखान्याला झोंबतो. पण तोवर मजुराने उचल घेतलेली आणि खर्चलेली असते. दराची बोलणी त्याच्या नावाने चालतात, त्या वेळी त्याचे हात आधीच्या बोलण्यांनी बांधलेले असतात. म्हणून संपाचा जोर फार दिवस टिकत नाही. उचलीआधी दर ठरला, तर या लवादाला वेगळीच धार येईल.

दर आणि उचल यांचा संबंध साध्या गणिताने कळतो. चांगल्या फडात एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरू. ३६६ रुपयांनी दिवसाचे ७३२ रुपये झाले. १२० दिवस एकही खाडा न करता काम चालले, तर २४० टनांचे ८७,८४० रुपये होतात. उचल एक लाखाची असेल, तर एवढे करूनही १२,१६० रुपये अंगावर राहतात. आठवड्याला दीड हजार खर्ची धरली, तर सतरा आठवड्यांची २५,५०० रुपये होते आणि बाकी ३७,६६० वर जाते. खर्ची सोडून नुसती उचल फिटायची, तरी सुमारे २७३ टन तोडावे लागतात. जुन्या २७३ रुपयांच्या दराने हेच काम सुमारे ३६६ टनांचे होते. म्हणजे उचल वाढली म्हणून मजुरी वाढली असे होत नाही. उचल ही स्वतःचीच पुढची कमाई आधी घेतलेली असते, आणि दर तिच्या मागे पडला की तिचेच कर्ज होते.

हंगामात वजाबाकीच्या जागा अनेक. अवकाळी पाऊस पडला, कारखान्याचे यंत्र बिघडले, गाडी अड्ड्यावर रांगेत अडकली, तर त्या दिवसांची मजुरी नसते, कारण मजुरी टनावर आहे, थांबण्यावर नाही. आजारी पडले किंवा गावाकडे मयतीला जाऊन आले तर तो खाडा, आणि खाड्याला दंड. बाईच्या पाळीच्या, बाळंतपणाच्या दिवसांनाही वहीत वेगळा रकाना नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९ मध्ये गाजले आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खाड्याचा धाक आणि त्या शस्त्रक्रिया यांचा संबंध तेव्हा उघड चर्चेला आला. जमेच्या बाजूला टनाखेरीज एकच गोष्ट : वाढे. उसाचे हिरवे शेंडे चारा म्हणून विकून रोजचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशेब होतो. टोळीचे एकूण टन, त्यातून उचल, खर्ची, खाडे वजा, आणि मग कोयत्यागणिक वाटणी. फिटले तर कोयता मोकळा. पुढच्या साली तो कोणाकडेही जाऊ शकतो, आणि अशा जोडीला मुकादम शोधत येतात. बाकी राहिली तर पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे, आणि त्याच्या बोलीवर. मुकादम बदलायचाच असेल, तर नवा मुकादम जुन्याची बाकी भरतो आणि तो आकडा नव्या उचलीत धरून जोडी आपल्याकडे घेतो. दोन मुकादमांमध्ये हा व्यवहार सहज होऊन जातो. जोडीच्या हातात मात्र नवी रक्कम फार थोडी येते.

करार संपल्यावर मालक बदलायचा हक्क हा किती मोलाचा असतो, हे जगात फार वेगळ्या ठिकाणीही लढून सिद्ध करावे लागले आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये करार संपला तरी खेळाडू जुन्या संघाच्याच ताब्यात राहत असे. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० मध्ये त्याविरुद्ध दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि पहिला पूर्ण मोकळा खेळाडू म्हणून टॉम चेंबर्स नव्या संघात गेले ते १९८८ मध्ये. तिथल्या खेळाडूंची कमाई आणि इथली मजुरी यांची तुलनाच होत नाही, पण हक्क तोच आहे. त्याच १९७६ मध्ये भारतात वेठबिगार निर्मूलन कायदा झाला. घेतलेल्या आगाऊ रकमेपायी दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे हे त्या कायद्याच्या व्याख्येत बसते. बाकीपोटी हंगामागून हंगाम अडकलेला कोयता या व्याख्येच्या किती जवळ येतो, हे कामगार खात्याने आणि तहसील कचेरीने गावागावांत जाऊन तपासायला हवे.

काही गोष्टी हलल्या आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. ग्रामसेवकामार्फत मजुरांची नोंद आणि ओळखपत्र, मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृहे ही कामे सुरू झाली. दुसरीकडे तोडणी यंत्रे वाढत आहेत आणि त्यांना सरकारी अनुदानही आहे. सलग, मोठ्या आणि सपाट फडात यंत्र परवडते. लहान, बांधाबांधाच्या वावरात अजून कोयताच लागतो. यंत्राची भीती दाखवून उचल पाडता येते, हेही मुकादमांना ठाऊक झाले आहे.

हिशेबाचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा असूनही तसाच आहे. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचे वजन होते. पावतीवर शेतकऱ्याचे नाव, गाडीचा नंबर आणि टन छापून येतात. टोळीने हंगामात किती ऊस तोडला हे कारखान्याच्या संगणकात किलोपर्यंत नोंदलेले असते. त्यातला कोणत्या कोयत्याचा किती, हे फक्त मुकादमाच्या वहीत असते. नवरा आणि बायको या दोघांच्या नावाने, ओळखपत्राच्या क्रमांकाला जोडून, पंधरवड्याची पट्टी आणि शिल्लक उचल कोयत्यागणिक छापून देणे कारखान्याला अवघड नाही. तो कागद हातात असेल, तर बाकी किती खरी आणि किती वाढवलेली हे जोडीला फडावरच कळेल, आणि पुढच्या ज्येष्ठात ओट्यावर बसलेल्या मुकादमासमोर तोच कागद ठेवता येईल.