शब्दाला जाडी देताना

डोलवी म्हटले की आपल्याला पोलादाचा कारखाना आठवतो आणि पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती. या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर आपण रोज पाट्या वाचतो. पूर्वी त्या कुंचल्याने रंगविलेल्या असत. आता पुष्कळ अक्षरे भिंतीपासून पुढे आलेली, बोटाने कड चाचपता येईल अशी घन असतात. ती आधी संगणकात घडतात. ती कशी घडतात आणि आपली देवनागरी तेथे कोठे अडते, एवढेच आज पाहू.

घन अक्षर आपल्याला नवे नाही. जावजी दादाजी यांनी 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळचा खिळा म्हणजे घन अक्षरच. पोलादावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकायचा आणि त्या साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा. संगणकात रस नाही. तेथे अक्षर म्हणजे केवळ एक कड. काही बिंदूंच्या आधारे ओढलेल्या वक्ररेषांनी ती फॉन्टमध्ये साठविलेली असते.

या कडेला जाडी कशी येते? घरी चकलीचा सोऱ्या फिरविला की चांदणीच्या भोकातून पीठ चांदणीचाच आकार घेऊन बाहेर येते. ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर अक्षराची कड अशीच सरळ पुढे ओढते. या क्रियेला ‘एक्स्ट्रूड’ म्हणतात. ‘डोलवी’तल्या ‘व’चे पोट मात्र पोकळ राहते, कारण आतली कड बाहेरच्या कडेच्या उलट दिशेने काढलेली असते, त्यावरून भरीव कोठे नि पोकळ कोठे, हे यंत्राला कळते.

आता अडचणीकडे येऊ. रोमन लिपीत छापील अक्षरे सुटी उभी असतात. आपला शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो. पेणला साजेसा ‘गणेश’ हा शब्द घ्या. ग, ण, श या तिन्ही अक्षरांचा काना सुटा. शिरोरेषा काढली तर सहा तुकडे पडतील आणि मात्रा सातवी. शिरोरेषा ठेवली की सातांचा एक होतो.

पण हे ऐक्य आपल्या डोळ्यांना दिसते, यंत्राला नाही. यंत्राच्या लेखी त्या तीन अक्षरांच्या तीन रेषा असतात, एकमेकींवर थोड्या चढलेल्या. त्या तशाच लेझर यंत्राकडे धाडल्या तर ते प्रत्येक कड कापते आणि शिरोरेषा मध्येच तुटते. म्हणून जाडी देण्याआधी सर्व आकृत्या मिळून एकच कड करून घ्यावी लागते. या आज्ञेचे नाव ‘युनियन’.

अनुस्वाराचे गाऱ्हाणे निराळे. डोलवीजवळच्या ‘अंबा’ नदीचे नाव घन केले, तर शब्द उभा राहील आणि टिंब गळून पडेल. त्याला मागून पट्टी द्यावी, नाही तर बारीक देठाने शिरोरेषेशी जोडावे.

शिवाय काही सॉफ्टवेअरना आपल्या जोडणीचे नियम येत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षर फुटते. अशा वेळी शब्द प्रथम इंकस्केपमध्ये लिहावा, नीट वाचावा, त्याची बाह्यरेषा करून घ्यावी आणि तीच पुढे जाडी देण्यासाठी न्यावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पाटी एकदा बसली की वर्षानुवर्षे हलत नाही आणि शाळेची मुले जाता-येता तीच वाचतात. चूक दाखविली तर ‘कॉम्प्युटरमध्ये असेच येते’ असे उत्तर मिळते आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो. ते उत्तर खरे नाही, हे आता आपल्या ध्यानात आले असेल. यंत्र आपल्या लिपीला नाही म्हणत नाही. तिची रीत मात्र त्याला कोणी तरी सांगावी लागते. तेव्हा पाटी करायला टाकताना मजकूर आधी कागदावर छापून मागा, मोठ्याने वाचा आणि मगच जाडी किती हवी ते सांगा.