जंबेरी : संत्र्याचा खुंट

जंबेरी हे लिंबूवर्गातले काटेरी आणि झपाट्याने वाढणारे झाड. त्याचे फळ पिवळे, जाड खडबडीत सालीचे, देठाकडे मान निघालेले, आंबट आणि बियांनी भरलेले असते. शास्त्रीय नाव सिट्रस जंभिरी. संत्रावर्ग आणि महाळुंग यांच्या नैसर्गिक संकरातून ते जन्मले, असे जनुकीय अभ्यासात दिसून आले आहे. संत्र्याच्या मंडीत या फळाला कोणी विचारत नाही. तरीही वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या तालुक्यांत आणि नांदगाव पेठेच्या शिवारापर्यंत पसरलेल्या संत्राबागा बहुतांशी याच झाडाच्या मुळांवर उभ्या आहेत. वर दिसतो तो नागपुरी संत्रा. जमिनीखाली जंबेरी असते.

थंड मुलुखात सफरचंदासाठी रानसफरचंदाचा खुंट जे काम करतो, तेच वऱ्हाडात जंबेरी करते. सायबेरियातले रानसफरचंद उणे चाळीस अंशांच्या आसपासची थंडी सोसते, म्हणून त्यावर गोड फळाचे कलम बांधतात. वऱ्हाडाचा प्रश्न थंडीचा नसून उन्हाळ्याचा, पाण्याचा आणि काळ्या जमिनीचा आहे. इथली माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यात चुनखडी असते, आणि अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. अशा जमिनीत लांबवर पसरणारी, पाण्याचा शोध घेणारी मुळे लागतात. जंबेरीची मुळे तशी असतात. झाड जोमाने वाढते, भरपूर फळ धरते आणि ट्रिस्टेझा या विषाणूलाही बऱ्यापैकी तोंड देते.

संत्र्याचे बी लावूनही झाड येते, पण ते काटेरी आणि उंच होते आणि फळावर यायला फार वर्षे घेते. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरू लागते. म्हणून पन्हेरीचा धंदा उभा राहिला. संत्र्याच्या कलमी रोपांना वऱ्हाडात पन्हेरी म्हणतात, आणि वरुड तालुक्यातले शेंदुरजना घाट त्यासाठी दूरवर ओळखले जाते.

पन्हेरीची सुरुवात पिकल्या जंबेरीच्या बियांपासून होते. बी वाळले की उगवण घटते, म्हणून फळातून काढून, धुऊन, सावलीत सुकवून ते लवकर वाफ्यात टाकतात. जंबेरीचा खरा गुण इथे दिसतो. एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपे फुटतात आणि त्यांतली बहुतेक फलनाशिवाय, थेट मातृवृक्षाच्या पेशींतून तयार झालेली असतात. त्यामुळे हजारो रोपे एकाच झाडाची हुबेहूब प्रत ठरतात आणि बाग एकसारखी वाढते. काही रोपे मात्र संकरातून आलेली, वेगळ्या वाढीची असतात. वाफ्यातली अतिउंच, खुरटी आणि वेगळ्या पानांची रोपे काढून टाकायची ती याच कारणाने. ही निवड पन्हेरीतले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. टाकलेले रोप म्हणजे टाकलेला पैसा, म्हणून हात आखडतो. त्याची किंमत बागायतदार पुढे वर्षानुवर्षे मोजतो.

रोपाचे खोड पेन्सिलीइतके जाड झाले की हिवाळ्यात डोळा भरतात. जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर सालीला टी आकाराची चीर देतात. निरोगी संत्र्याच्या काडीवरून ढालीसारखा डोळा सालीसकट उचलून चिरेत सरकवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात; डोळ्याचे टोक तेवढे उघडे राहते. काही आठवड्यांत डोळा हिरवा राहिला, तर कलम धरले असे समजतात. तो फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटतात. पुढे पावसाळ्यात हीच रोपे बागेत जातात. सहा बाय सहा मीटर अंतराने हेक्टरी 277 झाडे बसतात.

जंबेरीची मोठी दुखरी बाजू म्हणजे डिंक्या. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत फायटोप्थोरा ही बुरशी मुळांवर आणि बुंध्यावर येते, सालीतून डिंक गळतो, मुळे कुजतात आणि उभे झाड वाळते. कलमाचा सांधा मातीखाली गाडला गेला, तर धोका आणखी वाढतो, कारण संत्र्याची सालही या बुरशीला बळी पडते. म्हणून सांधा जमिनीच्या वर ठेवायचा, बुंध्याला बोर्डो पेस्ट लावायची आणि दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर ठेवायचे, हे उपाय सांगितले जातात. ते साधे आणि स्वस्त आहेत. झाड वाळल्यानंतर महागडी औषधे ओतण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे.

जंबेरीला पर्याय म्हणून रंगपूर लाईम पुढे आला. त्याचे फळ नारिंगी सालीचे पण आंबट असते. चुनखडी, क्षार आणि पाण्याचा ताण तो चांगला सोसतो. ब्राझीलमध्ये 1930 आणि 1940च्या दशकांत ट्रिस्टेझाने आंबट नारिंगाच्या खुंटावरची लाखो झाडे गेली, आणि नंतरच्या बागा प्रामुख्याने याच खुंटावर उभ्या राहिल्या. पुढे 2000 नंतर तिथे नव्या रोगाने रंगपूर लाईमवरच्या झाडांना घेरले. साऱ्या मुलुखाने एकाच खुंटावर भिस्त ठेवणे किती महागात पडते, हे त्या देशाला दोनदा भोगावे लागले. वऱ्हाडाने हा धडा आपल्या बागा गमावून शिकू नये. 1969 मध्ये अकोल्यात स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी खुंटांचा अभ्यास होतो. तिथल्या माहितीचा लाभ पन्हेरीवाल्याइतकाच बागायतदारानेही घ्यायला हवा.

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून फळाच्या नावाला आणखी मोल आले. पन्हेरी घेताना मात्र आजही भाव आणि उंची पाहिली जाते. खुंट कोणता, बी कोणत्या झाडाचे, डोळा किती उंचीवर भरला, हे क्वचितच विचारले जाते. नव्या बागेसाठी रोपे घेणाऱ्याने आधी हे तीन प्रश्न विचारावेत, शासनमान्य रोपवाटिकेची पावती घ्यावी आणि भारी, पाणी धरणारी जमीन असेल तर खुंटाबाबत तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय एकही खड्डा खोदू नये.