मातापित्यांचे तळपाय

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेली नृसिंहवाडी हे पादुकांचे गाव आहे. येथील मुख्य पूजा होते ती श्री नृसिंहसरस्वतींच्या मनोहर पादुकांची. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते, तेव्हा त्या दक्षिणद्वार सोहळ्यासाठी दूरदूरचे भाविक येतात. याच शिरोळ तालुक्यात, नांदणीच्या मठाच्या परिसरात आणि नदीकाठच्या गावोगावी जैन शेतकरी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. त्यांच्याही श्रद्धेत चरणांचे स्थान मोठे आहे. सम्मेदशिखरजीच्या टोंकांवर तीर्थंकरांच्या चरणांचेच वंदन होते आणि मुनिमहाराजांचा विहार अनवाणीच असतो. चरणांना एवढा मान देणाऱ्या या भागात घरातील वडीलधाऱ्यांच्या पायांकडे मात्र वाकून नमस्कार करण्यापलीकडे सहसा कोणी निरखून पाहत नाही. आई किंवा वडील मधुमेही असतील, तर हे न पाहणे फार महाग पडते.

न दुखणारी जखम

मधुमेह अनेक वर्षे राहिला आणि रक्तातील साखर आटोक्यात नसली, की पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. आरंभी मुंग्या येतात, तळपायांची आग होते. पुढे ही आगही थांबते आणि रुग्णाला बरे वाटू लागते. प्रत्यक्षात ती सुधारणा नसते. संवेदना नाहीशी झालेली असते. काटा रुतला, चप्पल निसटली, फरशीचा चटका बसला, तरी मेंदूपर्यंत निरोप पोहोचत नाही. त्यातच पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर जखम भरून येण्यास लागणारे रक्त कमी पडते. वाढलेल्या साखरेमुळे शरीराची जंतूंशी लढण्याची शक्तीही उणावते. या तीन गोष्टी एकत्र आल्या, की बोटाच्या बेचक्यातील लहानशी चीर काही दिवसांत हाडापर्यंत पोहोचू शकते. मधुमेहींचे जे पाय कापावे लागतात, त्यांपैकी सुमारे ८५ टक्के प्रसंगी आरंभ अशा एखाद्या साध्या जखमेनेच झालेला असतो. म्हणजेच वेळीच जखम दिसली, तर बहुतेक पाय वाचवता येतात.

वेदनेचे हे मोल जगाला समजावून देणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगररांगांत झाला. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आले, की रुग्णांची बोटे रोगाने आपोआप सडत नाहीत. वेदना नसल्याने होणाऱ्या, कोणाच्या ध्यानात न येणाऱ्या इजांमुळे ती झिजतात. तेथेच मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या चपलांवर काम झाले. आज त्या एमसीआर चपला म्हणून ओळखल्या जातात. १९६६ साली ब्रँड अमेरिकेत गेले आणि कुष्ठरुग्णांच्या पायांपासून मिळालेला हा धडा पुढे मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडला. आपल्या कर्मविचारात वेदना हे असातेचे फळ मानले जाते. देहाच्या व्यवहारात मात्र वेदना ही पहारेकरी आहे. हा पहारेकरी निघून गेला, की त्याचे काम घरातल्या माणसांच्या डोळ्यांनी करावे लागते.

धोका कोठे असतो

उसाच्या शिवारात हा धोका पावलोपावली असतो. तोडणीनंतर उरलेले बुडखे धारदार असतात आणि पाचटाखाली ते दिसतही नाहीत. चैत्र-वैशाखात वाडीच्या घाटाचे दगड किंवा कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्या तापलेल्या असतात. बधिर तळव्यावर फोड येतो आणि भाविकाला तो संध्याकाळपर्यंत कळत नाही. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात ओल राहून बुरशी धरते आणि कातडी फाटते. पुराच्या दिवसांत तर चिखलपाण्यातून ये-जा करावीच लागते. २०१९ च्या महापुरात या तालुक्याने ते पुरेसे अनुभवले आहे. अशा वेळी पायाला जखम असलेल्या वडीलधाऱ्यांना पाण्यात उतरू न देणे आणि स्थलांतराच्या पिशवीत औषधांबरोबर ड्रेसिंगचे साहित्य व बंद चप्पल ठेवणे, ही घरच्यांची जबाबदारी ठरते.

घरातही धोके असतातच. गरम पाण्याची पिशवी, शेक, मोटारसायकलचा सायलेन्सर यांनी भाजलेल्या जखमा थोड्या नसतात. कुरूप ब्लेडने कापणे किंवा त्यावर औषधी पट्टी चिकटवणे हेही असेच घातक. कोल्हापुरी चपलेचा अभिमान योग्यच आहे, पण तिचा टणक तळ आणि अंगठ्याचा घट्ट पट्टा बधिर पायासाठी नाही.

देवदर्शन यासाठी सोडण्याची गरज नाही. दगड तापण्यापूर्वी सकाळी लवकर जावे आणि केवळ मंदिरासाठी राखून ठेवलेले जाड सुती मोजे घालण्याची परवानगी मागावी. कारण सांगितल्यावर सहसा कोणी अडवणार नाही.

पाच मिनिटांची सेवा

शास्त्रात आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना आहे. साधूंच्या आणि रुग्णांच्या सेवेचा हा आदर्श घरातही आचरता येतो. त्यासाठी रोज रात्री पाच मिनिटे पुरतात. चांगल्या उजेडात आई-वडिलांचे दोन्ही पाय मांडीवर घ्यावेत. तळवा, टाच, प्रत्येक बोटाची बेचकी आणि नखांच्या कडा पाहाव्यात. लाली, फोड, चीर, पाणी, दुर्गंधी, काळसर डाग यांपैकी काही आहे का, हे तपासावे. हाताच्या मागील बाजूने दोन्ही पायांची उष्णता पडताळावी. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला असेल, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवावा, कारण आतले हाड खचू लागल्याचे ते लक्षण असू शकते. कोमट पाण्याने पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. तेल किंवा मलम टाचेला लावावे, बेचकीत लावू नये. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा.

ईर्यासमितीचा उपदेश असा, की पुढील चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, म्हणजे जीवाला इजा होणार नाही. ही दृष्टी स्वतःच्या पायालाही लाभावी.

या कामातील खरी अडचण वैद्यकीय नसते, ती मनाची असते. मुलांना त्रास नको, खर्च नको, पाय कापतील या भीतीने अनेक वृद्ध जखम लपवतात. ‘काही नाही रे, आपोआप भरेल’ असे अण्णा म्हणतात, आणि मुलगाही कामाच्या धांदलीत ते मान्य करतो. सूनबाईला सासऱ्यांचे पाय पाहण्याचा संकोच वाटतो. म्हणून ही पाहणी संशयाने किंवा रागावून न करता रोजच्या नमस्काराचाच भाग करावी. नातवंडांना हे काम दिले, तर वडीलधारे सहसा नाही म्हणत नाहीत.

जखम दिसली तर

जखम दिसली त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तंबाखू, राख किंवा ऐकीव मलमे लावून आठवडा घालवू नये. स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुऊन निर्जंतुक गॉज ठेवावा आणि त्या पायावर भार देणे थांबवावे. लाली पसरत असेल, ताप असेल, बोट काळे पडले असेल, घाण वास येत असेल किंवा साखर अचानक वाढली असेल, तर रात्र उलटू न देता मोठ्या रुग्णालयात न्यावे. वाडीपासून जयसिंगपूर, मिरज आणि सांगली तासाभराच्या आत आहेत.

उपचारांतील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे भार काढणे. रोज उत्तम ड्रेसिंग केले आणि रुग्ण त्याच पायाने शेतात किंवा मंदिरात गेला, तर सारे व्यर्थ ठरते. प्रत्येक पाऊल जखमेला पुन्हा चिरडते. त्यासाठी पायाला नेमके बसणारे विशेष प्लास्टर, बूट किंवा चप्पल देतात. रक्तपुरवठा चांगला असलेल्या तळव्याच्या बऱ्याच साध्या जखमा अशा प्लास्टरने सहा ते आठ आठवड्यांत भरतात. याबरोबरच मृत कातडी काढणे, संसर्ग असल्यास योग्य प्रतिजैविक देणे, हाडात संसर्ग गेला आहे का हे एक्स-रेने पाहणे आणि साखर आटोक्यात आणणे या गोष्टी लागतात.

संसर्गाच्या काळात डॉक्टर अनेकदा इन्सुलिन सुरू करतात. त्याला ‘शेवटची पायरी’ समजून घाबरू नये. पूर्वी इन्सुलिन गाई-डुकरांच्या ग्रंथींपासून काढत, हे खरे. १९८२ पासून मात्र सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने मानवी इन्सुलिन तयार होऊ लागले आणि आज सर्वसाधारणपणे तेच किंवा त्यासारखे वापरले जाते. त्यामुळे अहिंसेच्या कारणाने संकोच वाटणाऱ्यांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. दशलक्षण पर्वातील उपवास आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांचाही विचार आधीच व्हायला हवा. औषधाची वेळ व मात्रा न बदलता उपवास केला, तर साखर धोकादायक रीतीने खाली येते. जखम भरत असताना उपवासाचा आग्रह न धरणे हाच विवेक.

जखम भरण्यास प्रथिने लागतात. तूर, मूग, हरभरा, शेंगदाणे, दूध आणि दही यांतून ती मिळतात. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत डाळ व दही वेगवेगळ्या वेळी द्यावे. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी रुग्णांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते आणि त्यानेही नसा बधिर होतात, म्हणून त्याची रक्ततपासणी करून घ्यावी.

पाय कापण्याचा सल्ला मिळाला तर घाबरून होकार वा नकार देऊ नये. तीन प्रश्न शांतपणे विचारावेत: पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी झाली आहे का? अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने रक्तपुरवठा सुधारता येईल का? आणि कापावेच लागले, तर कमीत कमी किती? तातडी नसल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. संसर्ग वेगाने पसरत असेल, तर मात्र विलंब जीवघेणा ठरतो. एखादे बोट गेल्याने पाय वाचतो आणि कधी पाय गेल्याने प्राण वाचतो, हेही कुटुंबाने स्वीकारले पाहिजे.

जखम भरली म्हणजे काम संपले, असे नाही. भरलेल्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे चौघांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. म्हणून एमसीआर चपला घरातही घालाव्यात, तंबाखू व विडी सोडावी आणि पायांची तपासणी नियमित चालू ठेवावी.

समाजाने करण्यासारखे

महाराष्ट्रात या प्रश्नावर मोठे काम झाले आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांचा ‘स्टेप बाय स्टेप’ या उपक्रमात महत्त्वाचा वाटा होता. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्यांना मधुमेही पायाच्या काळजीचे प्रशिक्षण देणारा हा उपक्रम भारताबरोबरच टांझानियासारख्या देशांतही राबवला गेला. महागड्या यंत्रांपेक्षा तयार माणसे अधिक पाय वाचवतात, हा त्याचा पाया होता.

आपल्या समाजाला पायांच्या सेवेची परंपरा आहे. डी. आर. मेहता यांनी १९७५ साली जयपूर येथे स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीमुळे असंख्य गरजूंना जयपूर फूट मिळाले. आता एक पाऊल आधी जाण्याची वेळ आहे. गावोगावच्या मंदिर समित्या, महिला मंडळे आणि वीर सेवा दलाच्या शाखा यांनी दरवर्षी १४ नोव्हेंबर या जागतिक मधुमेह दिनाच्या सुमारास पाय तपासणीचे शिबिर भरवावे. लागणारे साहित्य थोडे आहे. स्पर्शाची जाणीव तपासणारा १० ग्रॅमचा नायलॉन तंतू, पायाची नाडी पाहणारा डॉक्टर, काही एमसीआर चपला आणि प्रत्येक कुटुंबातील एकाला पाय पाहण्याचे शिक्षण. कृत्रिम पाय देणे हे पुण्याचेच काम आहे, पण मूळचा पाय राखणे त्याहून मोलाचे.

शिबिराची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. आज संध्याकाळी आई-वडिलांना नमस्कार करताना दोन मिनिटे खालीच थांबावे, पाय उचलून घ्यावेत आणि तळवे उजेडात पाहावेत.