बाईंचा डबा, बाईंचे हात

नालासोपाऱ्यातल्या एखाद्या चाळीच्या गॅलरीत मे महिन्याच्या दुपारी मुली ‘शाळा शाळा’ खेळत असतात. त्यातली बाई झालेली मुलगी नीट न्याहाळावी. ओढणीचा पदर कमरेला खोचलेला, हातात फूटपट्टी. ती पचनसंस्था शिकवत नाही. खडूने माखलेले हात पदराला पुसते, नसलेला चष्मा नाकावर सारखा करते, ‘गप्प बसा’ म्हणून टेबलावर पट्टी आपटते आणि मध्येच वर्ग थांबवून चहाचा घोट घेते. खऱ्या बाई वर्षभर वर्गात काय काय करत होत्या, त्याची इतकी बारीक नोंद कुठल्याही तपासणी अहवालात सापडणार नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ मध्ये अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने मुलं नुसतं पाहून कशी शिकतात, याचा माग काढला. बालवाडीच्या वयाच्या मुलांसमोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवायचं. मुलांना ‘असं करा’ म्हणून कोणीही सांगितलं नव्हतं. नंतर संधी मिळताच त्यातल्या अनेकांनी बाहुल्याला तसंच बडवलं, काहींनी तर तोंडचे शब्दही तेच उचलले. मारण्याच्या बाबतीत जे दिसलं, तेच खाण्यापिण्याच्या, हात धुण्याच्या, थुंकण्याच्या सवयींनाही लागू पडतं.

मराठी मुलखात हे फार आधी ओळखलेल्या दोन शिक्षिकांनी काम केलं, ते वसई-विरारच्याच जिल्ह्यात. विरारहून डहाणू लोकल पकडायची आणि डहाणूला उतरून बोर्डी-कोसबाडच्या रस्त्याला लागायचं. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. अनुताई बालविधवा, शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या शिक्षिका. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शहरातली बालवाडी इथे जशीच्या तशी चालेना. वारली पाड्यावरची मुलं धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरायची, गुरांमागे जायची. शाळेत येणार कधी? मग या दोघींनी शाळाच पाड्यावर नेली. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी, आणि गुरं चरतात तिथे भरली ती कुरणशाळा. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा हाच अंगणवाडी शब्द देशभर गेला.

त्या अंगणात दिवसाची सुरुवात बाराखडीने होत नसे. आधी पाणी. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी, खेळ, गोष्टी. ‘स्वच्छ राहा’ हा पाठ तिथे फळ्यावर नव्हता. शिकलेली, शहरातून आलेली बाई पोराचा मळका हात आपल्या हातात घेऊन नख कापते, हे अंगणाच्या कडेला उभी असलेली आईसुद्धा पाहत होती. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पण त्यांच्या कामाचा गाभा समजून घ्यायचा तर त्या नखं कापणाऱ्या हाताकडेच पाहावं लागतं.

आता या अनुकरणाची दुसरी बाजू. ती सांगायला जड जाते, पण सांगितलीच पाहिजे.

डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायची, नखाने चुना लावायचा, उजव्या अंगठ्याने मळायची, दोन टाळ्या मारून भुकटी उडवायची आणि चिमूट ओठाआड सारायची. ही क्रिया महाराष्ट्रातल्या अनेक मुलांना न शिकवता येते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखूचं सेवन करणारे निघाले, आणि त्यात धूर काढणाऱ्यांपेक्षा खाणारे, मिश्री लावणारे कितीतरी जास्त. २०१९ मध्ये देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यात धूरविरहित तंबाखू वापरलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिकांनी ती दहावा वाढदिवस येण्याआधीच तोंडात घातली होती. म्हणजे तिसरी-चौथीत! या वयाला घरच्यांइतकाच मोठा वाटणारा माणूस म्हणजे वर्गशिक्षक.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा २००३ चा. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत फाटकावरचा फलक येतो, बाहेर आखलेली पिवळी रेघ येते, आवारात तंबाखूच्या वापराच्या खुणा नसाव्यात हेही येतं. रेघ आखणं सोपं आहे. सरांच्या खिशातली पुडी त्या रेघेच्या बाहेर राहिली का, ते मुलांना सगळ्यांत आधी कळतं. व्यसन सोडायला धडपडणाऱ्या शिक्षकाने मात्र लाजून लपू नये. ‘माझी सवय वाईट होती, मी सोडतोय, जड जातंय’ असं वर्गात खरं सांगणारे सर मुलांच्या जितके लक्षात राहतील, तितकं कर्करोगाचं चित्र राहणार नाही.

खाण्याचं तसंच. राज्य सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, शीतपेयं, पिझ्झा-बर्गर हद्दपार करायला सांगितलं. २०२० च्या केंद्रीय नियमांनी असे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकायला मनाई केली. वसईत तर पर्याय शोधायला लांब जायला नको. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही इथल्या वाडीतली मिठाई. वरून साखर नाही, रंग नाही. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, वाडीतली भाजी हे सगळं इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. अडचण एवढीच, की चकचकीत पाकिटापुढे मुलाला आपल्या डब्याची लाज वाटते. बाईंनी स्टाफरूमऐवजी कधी वर्गात बसून डबा उघडला, त्यातली भाकरी-भाजी चवीने खाल्ली आणि ‘तुझ्याकडे काय आहे गं?’ म्हणून विचारलं, तर ती लाज तिथेच गळते. संध्याकाळी घरी फर्मान सुटतं, ‘बाईंनी सांगितलंय’. आई-बाबांचं शंभर वेळा सांगून झालेलं असतं, पण या दोन शब्दांपुढे कोणाचं चालत नाही.

पण म्हणून शिक्षकांवर आणखी एक ओझं टाकून मोकळं होता येणार नाही. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरारची वस्ती १२ लाखांवर गेली होती. तेव्हापासून इमारती वाढतच आहेत आणि वर्ग गच्च भरलेले आहेत. लोकलच्या गर्दीत उभं राहून आलेल्या, सलग तास घेणाऱ्या, स्वच्छतागृह धड नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या बाई मुलांना ‘भरपूर पाणी प्या’ कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांना निवांत जेवायला अर्धा तास आणि बंद होणारं दार असलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह देणं हाही मुलांच्या आरोग्याचाच खर्च आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी हा विषय लावून धरायला हवा.

काही गोष्टींना मात्र निधी लागत नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की नळापाशी रांग लागते. बाई त्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या, तर पहिल्या दिवशी मुलं बाजूला सरकतात, ‘बाई, तुम्ही आधी.’ बाई नाही म्हणतात. चार दिवसांनी कोणी सरकत नाही; साबणाची झिजलेली वडी हातातून हातात मागे येते, आणि पुढचा पोरगा बोटांच्या बेचक्यांत फेस नीट गेला का ते बघत, बाईंना रांगेत थांबवून, सावकाश हात धुतो.