पोलंड लक्षणसमूह

पोलंड लक्षणसमूह : छातीच्या एका बाजूचा मोठा वक्षस्नायू जन्मतःच अंशतः वा पूर्णतः नसणे आणि त्याच बाजूच्या हाताची बोटे आखूड व एकमेकांस जोडलेली असणे, या दोन विकृती एकत्र आढळल्यास त्यांना पोलंड लक्षणसमूह म्हणतात. या नावाचा पोलंड देशाशी संबंध नाही. लंडनच्या गाय्झ रुग्णालयात शिकत असताना आल्फ्रेड पोलंड (१८२२–७२) यांनी एका मृत कैद्याच्या शवाचे विच्छेदन केले व त्यात आढळलेल्या स्नायूंच्या अभावाचे वर्णन १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. या कैद्याला हात छातीवरून पलीकडच्या बाजूस नेता येत नसे, एवढेच त्याच्या सोबत्यांच्या ध्यानात आले होते. अशा विकृतीच्या नोंदी फ्रान्स व जर्मनीत त्यापूर्वीही झाल्या होत्या. पोलंड यांचा भर छातीवर होता. हाताच्या विकृतीला त्यांच्या लेखात फारसे स्थान नव्हते. तो हात मात्र रुग्णालयाच्या संग्रहालयात जतन केलेला होता. पुढे १९६२ मध्ये पॅट्रिक क्लार्कसन या शल्यचिकित्सकांनी तो पुन्हा अभ्यासून छाती व हात या दोन्ही विकृतींच्या जोडीला पोलंड यांचे नाव दिले.

हा विकार विरळा आहे. साधारणपणे २० ते ३० हजार जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. परंतु सौम्य प्रकार अनेकदा ओळखलेच जात नसल्याने हा आकडा ढोबळ समजावा. मुलींपेक्षा मुलांत आणि डावीपेक्षा उजव्या बाजूस तो अधिक आढळतो. दोन्ही बाजूंस असणे अत्यंत अपवादात्मक होय.

कारणे : गर्भधारणेनंतरच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास हाताचा अंकुर व छातीची भित्ती एकमेकांना अगदी लगटून असतात आणि त्या भागाला अधोजत्रु रोहिणी व तिच्या शाखा रक्त पुरवितात. याच वेळी एका बाजूच्या रक्तप्रवाहात काही काळ अडथळा आला, तर त्या बाजूचे स्नायू, बरगड्या व बोटे यांची वाढ खुंटते, असे बहुतेक तज्ञ मानतात. अडथळा रोहिणीच्या कोणत्या भागात व किती काळ होता यावर विकृतीची तीव्रता ठरते. बोटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. प्रत्येक गर्भाचा पंजा आरंभी वल्ह्यासारखा अखंड असतो. बोटांमधील पेशी क्रमाने मरून गेल्यावरच बोटे सुटी होतात. ही क्रिया अपुरी राहिली की जोडबोटे उरतात.

बहुसंख्य रुग्णांच्या कुटुंबात दुसरा रुग्ण नसतो. एकाच घराण्यात अनेक रुग्ण आढळल्याची उदाहरणे मोजकीच असल्याने पुढच्या अपत्याला हा विकार होण्याचा संभव अगदी अल्प असतो. हे आईवडिलांना प्रारंभीच स्पष्ट सांगणे औषधोपचाराइतकेच महत्त्वाचे आहे. मराठवाड्यात, किंबहुना महाराष्ट्रात सर्वत्र, जोडबोटे किंवा तुटका ओठ घेऊन मूल जन्मले की आईने गरोदरपणी ग्रहणात विळी-सुरी हाती धरली असावी, अशी शंका घेतली जाते आणि दोष तिच्या माथी येतो. कालगणनेनेच या समजुतीचे निराकरण होते. बोटांची घडण आठव्या आठवड्याअखेर पुरी झालेली असते; तोपर्यंत कित्येक स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची नुकतीच चाहूल लागलेली असते. सातव्या महिन्यात लागलेले ग्रहण तयार झालेल्या बोटांना जोडू शकत नाही. आईने केलेल्या वा न केलेल्या कामाशीही या विकाराचा संबंध नाही.

लक्षणे : मोठ्या वक्षस्नायूचा उरोस्थी व बरगड्यांपासून निघणारा भाग नसणे हे निदानाचे मुख्य गमक होय. जत्रुकापासून निघणारा वरचा भाग पुष्कळदा शाबूत असतो. लहान वक्षस्नायूही बहुधा नसतो. बरगड्यांवरील दंतुर स्नायू व पाठीवरील रुंद स्नायू यांतही उणीव असू शकते. त्या बाजूची छाती सपाट दिसते, त्वचेखालील चरबी विरळ असते, स्तनाग्र लहान व वर सरकलेले असते आणि काखेत केस कमी उगवतात. रुग्णाला दोन्ही हात कमरेवर ठेवून आत दाबावयास सांगितले की निरोगी बाजूस काखेच्या पुढील कडेला स्नायूची जाड घडी उभी राहते. विकृत बाजूस ती दिसत नाही. खेड्यातील दवाखान्यातही सहज करता येणारी ही परीक्षा आहे.

हातात मुख्यतः तर्जनी, मध्यमा व अनामिका यांची मधली अंगुलास्थी आखूड असते किंवा नसते आणि बोटे त्वचेने जोडलेली असतात. काहींत संपूर्ण पंजाच लहान राहतो, तर काहींचा हात जवळजवळ निर्दोष असतो. तीव्र प्रकारात दोन-तीन बरगड्यांचे पुढचे भाग नसतात व श्वासाबरोबर तेथील छाती आत-बाहेर होताना दिसते. डाव्या बाजूच्या अशा विकृतीत हृदय उजवीकडे सरकलेले असू शकते. क्वचित मूत्रपिंडाचे दोष किंवा चेहऱ्याचा जन्मजात पक्षाघातही सोबत असतो. म्हणून एकदा हृदय व मूत्रपिंडे तपासून घ्यावीत. बुद्धी व आयुर्मान यांवर या विकाराचा सहसा परिणाम होत नाही.

क्ष-किरण चित्रात एक फसवा भाग असतो. स्नायू नसल्याने त्या बाजूचे फुप्फुस अधिक काळे दिसते आणि वातस्फीती किंवा छातीच्या पोकळीत हवा साठल्याचा भास होतो. क्षयरोगाच्या शोधासाठी जेथे छातीची चित्रे सर्रास काढली जातात, तेथे रुग्णाचा सदरा उतरवून छाती पाहिल्याशिवाय अशा चित्रावर मत देऊ नये.

चिकित्सा : हाताकडे प्रथम लक्ष द्यावे लागते. बोटे सुटी करण्याच्या शस्त्रक्रिया साधारणतः वयाच्या पहिल्या वर्षाच्या सुमारास सुरू करून शाळेत जाण्यापूर्वी पूर्ण करणे इष्ट असते. एकाच बोटाच्या दोन्ही बाजू एका वेळी मोकळ्या करीत नाहीत, कारण तसे केल्यास बोटाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. म्हणून तीन-चार बोटे जोडलेली असल्यास काही महिन्यांच्या अंतराने दोन किंवा अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागतात. उघडी पडलेली जागा बहुधा जांघेतील त्वचा घेऊन झाकतात व त्यानंतर काही आठवडे मलमपट्टी आणि आधारपट्टी सांभाळावी लागते.

बीड जिल्ह्यात अडचण येते ती येथेच. दसरा-दिवाळीनंतर लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात व उचल त्या जोडीवर घेतलेली असते; त्यामुळे तान्ही मुलेही फडावरच्या कोपीत जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१३ पासून) अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते, पण गावी नसलेले मूल तीतून सुटते. जोडबोटे जन्मतःच डोळ्यांना दिसतात, तेव्हा नोंद प्रसूतीच्या वेळीच व्हावी. शस्त्रक्रियेचे वेळापत्रकही उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या मुक्कामाचा हिशेब घेऊनच आखले पाहिजे. उसाच्या पाचटात व धुळीत त्वचारोपण टिकविणे कठीण. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे जिल्ह्यातील सर्वांत मोठे शासकीय रुग्णालय असल्याने संदर्भसेवेचा आरंभ तेथून करता येतो.

छातीवरील शस्त्रक्रिया बहुतांशी रूपासाठी असते व वाढ पूर्ण झाल्यावर करतात. पाठीवरील रुंद स्नायू पुढे वळवून बसविणे, कृत्रिम रोपण किंवा शरीरातील चरबी टप्प्याटप्प्याने भरणे, असे पर्याय आहेत. पहिला पर्याय निवडण्यापूर्वी तो स्नायू जागेवर आहे याची खात्री करावी लागते. स्त्रियांत स्तनाची वाढ अपुरी राहिल्याने लग्न ठरताना हा विषय लपविला जातो. दूध पाजणे निरोगी बाजूने शक्य असते. मात्र लहान राहिलेल्या स्तनातही कर्करोग होऊ शकतो. त्या बाजूची तपासणी टाळू नये.

खांद्याची ताकद अपेक्षेपेक्षा चांगली राहते, कारण शेजारचे स्नायू पुष्कळसे काम उचलतात. उजव्या बाजूचा वक्षस्नायू व दोन बरगड्या नसलेला लुइस हॅचेट हा डावखुरा वेगवान गोलंदाज २०१० पासून इंग्लंडमधील ससेक्स परगण्याकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळला. मोळी उचलणे वा कोयता चालविणे यांत खरा अडसर येतो तो पंजाच्या पकडीचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते. त्यासाठी छातीच्या दर्शनी सपाटपणापेक्षा बोटांच्या हालचाली, पकड व बळ यांची मोजणी काळजीपूर्वक करून घ्यावी.