रक्तातली धग

स्वीडनमध्ये 1918च्या सुमारास रॉबिन फोरेउस नावाचा एक तरुण डॉक्टर रक्ताच्या नळ्या निरखत होता. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळायचं, नळी उभी ठेवायची आणि तांबड्या पेशी किती वेगानं खाली बसतात ते पाहायचं. वर फिकट पिवळा द्रव साचत जातो, खाली लाल गाळ. त्याच्या लक्षात आलं, की गरोदर बायकांचं रक्त इतरांपेक्षा भराभर खाली बसतं. दिवस राहिलेत की नाही हे ओळखायची चाचणीच हाती लागली, असं त्याला वाटलं. पण मग तेच त्याला आजारी माणसांच्या रक्तातही दिसू लागलं, पुरुषांच्यासुद्धा.

त्या नळीची चाचणी आज गल्लीतल्या लॅबमध्येही होते. तिला आपण ईएसआर म्हणतो. गरोदरपणात आणि आजारपणात रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं. मग तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटतात आणि जड होऊन लवकर तळाला जातात. गर्भाची खूण आणि आजाराची खूण एकच निघावी, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी केवळ चाचणीतली अडचण वाटली होती. आज वंध्यत्वाचा अभ्यास करणारे तिच्याकडे फार वेगळ्या नजरेनं पाहतात.

बोटात कुसळ गेलं की तिथे लाली येते, बोट गरम होतं, सुजतं, ठणकतं. रोमन लेखक सेल्ससनं दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवलेली ही चार लक्षणं आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ करावी लागतात. हाच दाह. रक्तवाहिन्या सैल पडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू मारतात, मेलेलं मांस उचलून नेतात, जखम सांधतात आणि निघून जातात. यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आलेली माणसं काम झाल्यावर परत गेली पाहिजेत.

बाईच्या शरीरात हे सगळं दर महिन्याला घडतं, तेही कुठलाही जंतू नसताना. अंडाशयातला पक्व फुगा साधारण 20 मिलिमीटरचा होतो, सोनोग्राफीच्या पडद्यावर काळ्या द्राक्षासारखा दिसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक उसळतं आणि त्यानंतर साधारण 36 तासांनी फुगा फुटतो. नुसत्या दाबानं तो फुटत नाही. आधी त्याच्याभोवतीच्या रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि भिंतीतले तंतू विरघळवणारी विकरं कामाला लागतात. भिंत एका जागी पातळ होत होत उघडते आणि बीज बाहेर पडतं. कुसळ गेलेल्या बोटात होतं तेच हे. बीज सुटणं हीच मुळात दाहाची क्रिया आहे, असं अमेरिकी संशोधक लॉरेन्स एस्पी यांनी 1980 साली मांडलं. पुढे ज्या उंदरांच्या माद्यांमध्ये दाहाचं प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स-2 हे विकर नव्हतं, त्यांच्यात बीज नीट सुटेना, गर्भही रुजेना. म्हणूनच दुखण्यावरच्या काही गोळ्या पाळीच्या मधल्या दिवसांत सलग घेतल्या तर फुगा न फुटता तसाच राहू शकतो. गोळ्या थांबवल्या की गाडी पुन्हा रुळावर येते. पण मूल हवं असलेल्या, सांधेदुखीसाठी रोज अशी गोळी घेणाऱ्या किती जणींना हे कुणी सांगतं?

गर्भ रुजतानाही तसंच. अस्तराला चिकटून तो आत शिरतो, म्हणजे एक बारीकशी जखमच करतो. सुरुवातीच्या आठवड्यांत तिथल्या पांढऱ्या पेशींत 'नैसर्गिक मारक' पेशी बहुसंख्येनं असतात. नाव भीतीदायक असलं तरी त्या गर्भासाठी रक्तवाहिन्या रुंद करण्याचं काम करतात. गर्भ रुजला नाही तर पाळी येते, आणि तीही दाहाचाच एक प्रकार असते: अस्तर सुटतं, रक्त जातं, खालची जखम काही दिवसांत वण न राहता भरते. शरीरात इतर कुठे इतकी मोठी जखम दर महिन्याला होऊन अशी पुसली जात नाही.

तेव्हा दाह म्हणजे वाईट, तो दाबून टाका, हे समीकरण इथे चालत नाही. आधी पेटायला हवं, मग विझायलाही हवं. चुलीतला विस्तव राखेखाली धुमसत राहिला की घराची जी दशा होते, ती इथे होते.

सगळ्यात उघड नुकसान बीजवाहिन्यांचं. या नळ्या बोटभर लांबीच्या, गर्भाशयाजवळ तर एखाद्या दोऱ्याएवढ्याच पोकळ. आतून मखमलीसारखी लव असते आणि ती लव हलत राहून बीजाला पुढे सरकवते. तिथे क्लॅमिडियासारखा जंतू पोहोचला, बाळंतपणानंतर किंवा असुरक्षित गर्भपातानंतर संसर्ग झाला, की पांढऱ्या पेशी जंतूंबरोबर ही लवही जाळून टाकतात. जखम भरते ती चिकटून भरते. स्वीडनमधल्या लुंडचे लार्स वेस्टरोम यांनी ओटीपोटाचा असा दाह झालेल्या बायकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. नळ्यांमुळे आलेलं वंध्यत्व एकदा आजार होऊन गेलेल्यांत 8 टक्के, दोनदा झालेल्यांत 19.5 टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत 40 टक्के निघालं. दर वेळी दुपटीहून जास्त. 'अंगावरून जातंय, जाईल आपोआप' म्हणून अंगावर काढलेल्या एकेका आजाराची किंमत या आकड्यांत दिसते. 1978 साली जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं, त्याच्या आईच्याही नळ्या बंद होत्या.

भारतात या यादीत क्षयरोग येतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्याकडे आहेत आणि हा रोग फुप्फुसात थांबेलच असं नाही. लहानपणी कधीतरी शरीरात शिरलेला जंतू रक्तावाटे बीजवाहिन्यांत जाऊन बसतो. खोकला नाही, ताप नाही, वजनही जागच्या जागी. फक्त पाळीत रक्त कमी जाऊ लागतं आणि दिवस राहत नाहीत. पहिली तक्रार हीच असलेल्या कितीतरी मुली दवाखान्यात येतात. औषधांनी जंतू मरतात, पण आधीच आखडलेली, मण्यांच्या माळेसारखी गाठाळ झालेली नळी पुन्हा मऊ होईल याची खात्री देता येत नाही. अशा सुनेला सासरी 'वांझ' म्हणतात, तेव्हा खरं म्हणजे क्षयाच्या एका रुग्णाला, आजारी पडल्याबद्दल, शिवी दिली जात असते.

आता रक्ताकडे वळू. ईएसआरच्या जोडीला हल्ली फायलीत सीआरपीचा कागद असतो. हे प्रथिन 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह पेटला की इंटरल्युकिन-6 हा निरोप्या यकृताकडे जातो आणि यकृत सीआरपी सोडायला लागतं. न्यूमोनियात ते शेकडो पटींनी वाढतं. वंध्यत्वाच्या संशोधकांना रस आहे तो मात्र अगदी खालच्या पट्टीतल्या आकड्यात, लिटरमागे एक, दोन, तीन मिलिग्रॅम. ताप नाही, दुखणं नाही, नुसती मंद धग.

ही धग कुठून येते याचं एक उत्तर लंडनचे जॉन यूडकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली दिलं: चरबीतून. पोटावरची चरबी ही नुसती साठवण नसते, ती स्वतः इंटरल्युकिन-6 बनवते. हेच यूडकिन पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याशेजारी उभे राहिलेले 2004 सालच्या 'लॅन्सेट'मध्ये दिसतात. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण यूडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, हा आपल्याकडचा बांधा त्या एका छायाचित्रानं जगाला दाखवला. 'माझं वजन तर बेताचंच आहे' असं म्हणणाऱ्या पीसीओएसच्या मुलीला हे छायाचित्र दाखवावं असं मला नेहमी वाटतं. पीसीओएसमध्ये अंडाशयातले फुगे अर्धवट वाढून थांबतात, बीज सुटतच नाही. 2011 साली अनेक अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तेव्हा अशा बायकांचं सीआरपी इतरांपेक्षा सरासरी 96 टक्क्यांनी जास्त भरलं, आणि तो फरक केवळ लठ्ठपणाचा नव्हता. दर महिन्याला थोडा वेळ पेटून विझायचा तो दाह इथे कायम मंद तेवत राहतो.

मग ही धग कमी केली तर दिवस राहतील का? अमेरिकेत चार ठिकाणी 1,228 बायकांवर याची तपासणी झाली. सगळ्या 18 ते 40 वर्षांच्या, सगळ्यांचा एक किंवा दोन वेळा गर्भ गेलेला. निम्म्यांना रोज 81 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी. 2014 साली निकाल आला: जिवंत बाळ होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक नाही. गोष्ट तिथेच संपायची. पण संशोधकांनी साठवलेलं रक्त पुन्हा तपासलं आणि सीआरपीनुसार बायकांचे तीन गट केले. सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे सीआरपी 1.95 किंवा जास्त असलेल्यांत, साध्या गोळीवर 44 टक्के जणींना बाळ झालं होतं, अ‍ॅस्पिरिनवर 59 टक्के जणींना. बाकी दोन गटांत अ‍ॅस्पिरिननं काही साधलं नव्हतं.

मला हा निकाल मोलाचा वाटतो, पण तो नंतर मागे वळून केलेल्या हिशेबातून आलेला आहे. त्यासाठीच आखलेल्या नव्या चाचण्यांत तो टिकला पाहिजे. तोवर मेडिकलमधून स्वतःच अ‍ॅस्पिरिन आणून सुरू करणं धोक्याचं, कारण रक्तस्राव हा त्या गोळीचा दुसरा चेहरा आहे. शिवाय सीआरपी फार चंचल. परवाची सर्दी, हिरडीतला पू, गर्भनिरोधक गोळ्या, सगळ्यांनी ते चढतं. तयार होणं थांबलं की साधारण 19 तासांत निम्मं होतं. एका सकाळच्या आकड्यावर कुणी 'तुमच्या रक्तात सूज आहे' म्हणून महागड्या पूरक पावडरी गळ्यात मारत असेल, तर सरळ उठून यावं. धूर दिसतोय एवढंच सीआरपी सांगतं, आग कुठल्या खोलीत आहे ते नाही.

आणि कधी कधी धूर दिसतही नाही. माझ्या मावसबहिणीला, आमच्या ताईला, चौदाव्या वर्षापासून पाळीत असह्य दुखायचं. पोटाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन ती पलंगाच्या कडेला गुडघे छातीशी ओढून पडलेली असे, ओठ पांढरे पडलेले. मावशी चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "होतं गं असं, मलाही व्हायचं. लग्न झालं की जाईल." लग्न झालं, दुखणं गेलं नाही, दिवसही राहिले नाहीत. एका डॉक्टरांनी ईएसआर नॉर्मल, सीआरपी 1.8 असे कागद बघून ताण घेऊ नका म्हणून सांगितलं. एकतिसाव्या वर्षी दुर्बिणीनं पोटात पाहिलं, तर उजव्या अंडाशयात जुन्या रक्तानं भरलेली चॉकलेट सिस्ट आणि नळी आतड्याला चिकटलेली. एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ठिपके पोटात भलतीकडे रुजतात, दर पाळीला तिथेही रक्त जातं, पण त्याला बाहेरची वाट नसते. पांढऱ्या पेशी तिथे येतात आणि परत जातच नाहीत. पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण दहांतल्या एकीला हा आजार असतो. पोटातल्या द्रवात एवढा दाह असताना दंडातून काढलेलं रक्त शांत असू शकतं. सतरा वर्षं ताई जे तोंडानं सांगत होती, ते कुणी ऐकलं असतं तर रक्ताच्या कागदाची वाट पाहावी लागली नसती.

ताईला पुढे मूल झालं का, हे वाचणाऱ्याच्या मनात येईल. ते तिच्यापाशीच राहू द्यावं. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं, त्यात दुधाच्या खाड्यांच्या फुल्या आणि काही तारखांभोवती लाल पेनानं गोल. गोलांच्या कडेला एक, दोन किंवा तीन ठिपके. मी विचारलं तेव्हा कळलं, की गोल तिच्या तेरा वर्षांच्या भाचीचे आहेत. शाळेसाठी ती ताईकडेच राहते. ठिपके म्हणजे त्या दिवशी किती दुखलं ते. ऑक्टोबरच्या एका चौकटीत तीन ठिपके होते आणि खाली ताईच्या अक्षरात डॉक्टरांची वेळ लिहिलेली होती, शनिवार, सकाळी साडेदहा.