खिडकीएवढा सूर्य

कौलांच्या फटीतून जमिनीवर पडलेला कवडसा गोल असतो. फट मात्र वेडीवाकडी. हे कसं? तो गोल फटीचा नसतोच, सूर्याचा असतो. खंडग्रास ग्रहणात सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात, तेव्हा खात्री पटते. म्हणजे आपली अंधारी माजघरं कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून फोटो काढत होती, फक्त धुऊन ठेवत नव्हती! लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे खोलीच.

आता ती फट खिडकीएवढी करा. बाहेरच्या आभाळाचं, समोरच्या भिंतीचं चित्र खोलीत अजूनही येत असतं; पण अशी असंख्य चित्रं एकमेकांवर सांडतात, पुसट होतात आणि उरतो नुसता मऊ उजेड. फोटोतल्या चेहऱ्याला हवा असतो तो हाच.

मऊ का? आभाळातला सूर्य आपल्याला जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून उन्हात नाकाची सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. पण मीटरभर रुंद खिडकीपासून मीटरभरावर आजीला बसवा. तिच्यापुरती ती खिडकी सुमारे ५३ अंश रुंद, म्हणजे सूर्याच्या शंभरपट! उजेड गालाला वळसा घालून जातो आणि सावलीचा काठ विरघळतो. थेट ऊन येत असेल, तर जुनं पांढरं धोतर खिडकीला लावा. मग धोतरच सूर्य होतं. घरातले दिवे मात्र आधी बंद करा. निळसर आभाळ आणि पिवळा बल्ब एकाच गालावर नांदत नाहीत.

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. तिथं आभाळ कुठून आणणार? छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं, खालून त्यावर दिवे मारले आणि परतून आलेला उजेड वापरला. आपल्या धोतराचीच ही युक्ती, फक्त आडवी आणि उजेड आरपार न जाता परतणारा!

आणि जगातली सर्वांत जुनी उरलेली निगेटिव्ह कशाची आहे? खिडकीचीच. इंग्लंडमधल्या लेकॉक ॲबी या आपल्या घरात हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट १८३५मध्ये छोटा कॅमेरा आतून खिडकीकडे रोखला. टपाल तिकिटाएवढ्या त्या कागदावर भिंगातून सुमारे दोनशे तावदानं मोजता येत होती, असं त्यांनी शेजारी लिहून ठेवलंय. निगेटिव्हच ती, त्यामुळे उजेडाचं प्रत्येक तावदान तिच्यात काळं उमटलंय.